वस्तादाचा खडा

त्या पत्राला मयेकरांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘काका, तुमचा लंगडा वस्ताद नव्या सिनेमात मी करतोय. ती चाल जमत नाही. युक्ती सांगाल?’

संपात गिरणी गेली, तेव्हा मयेकरांकडे जुन्या सिनेमात रंगवलेला हा वस्तादच तेवढा उरला होता. तोही या तरण्या नटाने नेला.

युक्ती साधी होती. बुटात एक खडा. शूटिंग संपताच मयेकरांनी तो काढून जपून ठेवला, पण लंगडणं वीस वर्षं गेलं नाही. जिन्यात ठक्-घस् वाजलं की अख्खी चाळ म्हणे, “वस्ताद आले!”

“सांगा की हो त्याला,” मंजुळाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“सांगतो. सगळाच वस्ताद घेऊ दे मेल्याला.”

डिलाईल रोडच्या टपालपेटीत खड्याचं पाकीट टाकून मयेकर वळले. पावलं सरळ पडली, अगदी बिनआवाज.

मागे, पेटीच्या आत, सुरू झालं: ठक्-घस्. ठक्-घस्.