उलट्या चावीचं कुलूप

मास्तरांनी कुलपाला जिभेचं टोक लावलं.

जुन्या वस्तूंचा दुकानदार शांतपणे बघत राहिला. या गिऱ्हाइकाची त्याला सवय होती.

"खारट नाही," मास्तर म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती. खोटा गंज मिठाच्या पाण्याने चढवतात, त्यामुळे तो खारट लागतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आयुष्यभर परीक्षेच्या वर्गात कॉप्या पकडल्यावर माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही.

मग त्यांनी लोहचुंबक लावून पाहिलं. भिंगातून स्क्रू तपासले. वजन केलं, तेही घरून आणलेल्या काट्यावर. दुकानदाराने चहा मागवू का विचारलं, तर नको म्हणाले. चहा घेतला की माणूस नरमतो आणि भाव चढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आलं कुठून हे?"

"नाव सांगायचं नाही अशी अट आहे, मास्तर. पण ज्यांचं होतं त्यांनी एकदाही दाराला लावलं नाही, एवढं सांगतो."

हेही मास्तरांना संशयास्पद वाटलं. कुलूप घ्यायचं आणि दाराला लावायचं नाही, असा माणूस कोण असेल? मग आपल्याकडची एकशे बारा कुलपं आठवून त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

खरी अडचण रविवारची होती. गावातल्या संग्राहकांच्या मंडळात मास्तर नऊ वर्षं कुलपांवर बोलत आले होते, पण नजर लागायला नको म्हणून एकही कुलूप त्यांनी तिथे नेलं नव्हतं. आता लोक उघड म्हणायला लागले होते, की मास्तरांकडे कुलपं नाहीत, नुसत्या चाव्या फिरवतात. म्हणून येत्या रविवारी एक अस्सल, कुणी न पाहिलेलं कुलूप दाखवतो, असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले होते. ते नकली निघालं तर संपलंच. मागे एका सभासदाने आणलेलं दीडशे वर्षांचं कुलूप उन्हात मऊ पडलं होतं. तेव्हापासून त्याला सगळे प्लास्टिकराव म्हणतात. त्याची सूनसुद्धा.

"आता मला फसवणं सोपं नाही," मास्तरांनी बजावलं. "गेल्या महिन्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. सगळं लख्ख दिसतं."

"आधी सोपं होतं का?" दुकानदाराने विचारलं.

मास्तरांनी कुलूप पुढ्यात ओढलं. त्यांनी चावी घातली, आधी किंचित उलटी फिरवली, मग सुलटी. खट्‌कन कडी सुटली.

दुकानदार बघतच राहिला. "ही उलटी गंमत मला गिऱ्हाइकाला सांगावी लागते. तुम्ही पहिल्या झटक्यात उघडलंत."

"हात असतो एकेकाचा," मास्तर म्हणाले. खरं तर कुलूप हातात घेतल्यापासूनच ते आपल्यासाठी बनल्यासारखं त्यांना वाटत होतं.

एकच जागा त्यांनी तपासली नाही. कडीचं टोक ज्या भोकात शिरतं, ते भोक. तिथे त्यांची खूण असायची. कुलूप विकत घेतलं, की काडेपेटीच्या काडीने त्या भोकात आत लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. उद्या कुणी अदलाबदल केली, तर आपलं कुलूप ओळखता यावं म्हणून. ही जागा मास्तर सोडून कुणालाही माहीत नव्हती, आणि दुकानात तिथे डोकावलं तर दुकानदारालाही कळली असती. म्हणून दुकानात ते तिकडे बघतही नसत.

घासाघीस करून त्यांनी कुलूप घेतलं. दुकानदाराने चार वेळा सांगितलेला भाव पाचव्यांदा कमी केला, तोही संशय येण्याइतक्या लवकर.

घरी बायको बॅग भरून तयार बसली होती. दुपारच्या गाडीने मुलीकडे निघाली होती. ही चौथी खेप. प्रवासाला आपण पैसे देणार नाही, हे मास्तरांनी फार पूर्वीच सांगून टाकलं होतं. तिनेही पुन्हा कधी मागितले नव्हते. साठवलेल्यातून जाते, म्हणायची. बायकोवर संशय घेण्यासारखं मास्तरांना कधी काही सापडलं नव्हतं, आणि त्यांनी शोधलंही होतं.

"मिळालं का हो?" तिने विचारलं.

"मिळालं. अस्सल आहे."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग सकाळी त्यांच्या आंघोळीच्या वेळी घेतलेली, तिच्याच गळ्यात राहून गेलेली ट्रंकेची चावी काढून तिने त्यांच्या हातात दिली. ती चावी मास्तर फक्त आंघोळीला जाताना उतरवत, आणि फक्त तिच्याकडे देत. "भाजी झाकून ठेवलीय. पुड्या मोजत बसाल, तर जेवायचं विसराल."

ती गेल्यावर मास्तरांनी ट्रंक उघडली. ट्रंकेला बाजारातलं नवं कोरं कुलूप होतं. जुन्या कुलपांवर त्यांचा विश्वास नव्हता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या होत्या. हवा लागू नये म्हणून ते त्या सोडत नसत, नुसत्या मोजत. एकशे बारा. बरोबर.

आता एकशे तेरावं. त्यांनी नेलपॉलिशची बाटली काढली, काडी बुडवली. इतकी वर्षं डोळे साथ देत नव्हते, म्हणून भोकात काडी घालून ठिपका ते अंदाजानेच टेकवत. आज प्रथमच नीट बघून देता येणार होता. त्यांनी छोटी बॅटरी पेटवली, एक डोळा मिटला आणि भोकात पाहिलं.

आत चार लाल ठिपके होते, अंदाजाने टेकवल्यासारखे वेडेवाकडे.