जागीच फुटणारी गोळी

"आरपार जाणारी नको," जोलीन म्हणाली. "मातीला लागली तरी जागीच फुटेल अशी द्या."

"कातडं फाटेल," व्हर्जिल मान वर न करता म्हणाला.

"फाटू दे. एप्रिलमधल्या कायोटीचं कातडं घेतंय कोण? मला माझी कोकरं वाचवायची आहेत."

ती शेडच्या उंबऱ्यावरच उभी होती. आत आली नाही. सासऱ्याच्या, व्हर्जिलच्या शेडमध्ये तिनं पाऊल टाकणं कधीच सोडलं होतं. आजही आली नसती, पण दुकानातली काडतुसं तिच्या रायफलीला मानवत नव्हती आणि हातानं भरून देणारा तोच होता. शंभर पावलांवरचा कायोटी, कोल्ह्यासारखं ते धूर्त जनावर, मान वळवून बघायचा आणि रमतगमत निघून जायचा. पहाटे तर त्यानं मेंढीच्या पुढ्यातून कोकरू उचललं होतं.

आत चुलीपाशी मर्ल कॉफी पीत बसला होता. शेरीफच्या हाताखाली पोलिसात हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. बायको गेल्यापासून त्याची दुपार इथंच जायची.

"कॉफी घे गं, जोलीन," तो म्हणाला. "वाईट आहे, पण गरम आहे."

"नको, मर्ल. थँक्यू."

व्हर्जिलच्या बाकावर गोळ्यांचे दोन डबे होते. मोठ्या मापाच्या गोळ्या त्याच्या स्वतःच्या रायफलीच्या. त्या डब्यावर धूळ साचली होती. दुसऱ्या डब्यात बारीक गोळ्या होत्या. जोलीनची रायफल हलकी, बारीक नळीची. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात नवऱ्यानं, क्लिंटनं तिला घेऊन दिलेली.

त्यानं बारीक गोळ्यांमधल्या पातळ कवचाच्या निवडून घेतल्या. पितळी पुंगळ्या पुसल्या. काट्यावर बंदुकीची दारू तोलली.

"दारू जरा कमीच घालतोय," तो म्हणाला. "फार जोर दिला तर ही गोळी वाटेतच उसवते. पण जनावराला लागली की आतच फुटते. ते जागेवर बसतं. हाल होत नाहीत."

"आणि चुकली तर?"

"चुकली तर मातीत भुगा. पुढं जात नाही."

"बर्फावर पडली तर?"

व्हर्जिलचा हात थांबला. मग त्यानं पुंगळीत दारू ओतली, वर गोळी टेकवली आणि यंत्राचा दांडा खाली ओढला.

"बर्फावरही," तो म्हणाला.

"हे शहाणपण तेव्हा कुठं गेलं होतं?"

मर्लनं कप खाली ठेवला. व्हर्जिलनं पुढची पुंगळी उचलली.

काही वर्षांपूर्वीचा तो जानेवारी होता. कातड्यांचा हंगाम. कातडी फाटू नयेत म्हणून त्या दिवशी दोघांच्याही रायफलींत कठीण गोळ्या होत्या. क्लिंट ओढ्यापलीकडच्या झुडपात बसून कायोटीला जवळ बोलवायला सशाच्या ओरडण्यासारखी शिट्टी वाजवत होता. बाप एका टेकाडावर, बायको दुसऱ्यावर. कायोटी गोठलेल्या ओढ्यावर आला आणि दोघांनी एकदमच बार काढले. कायोटी पळाला. शिट्टी थांबली.

बर्फावर टप्पा घेऊन उडालेली एक गोळी क्लिंटच्या छातीत शिरली होती. कोणी काही विचारायच्या आत व्हर्जिल म्हणाला होता, "माझी होती. मी खाली मारली. मला दिसलं." त्यानंतर त्यानं रायफल हातात धरली नाही. जोलीन पूर्वी त्याला डॅड म्हणायची. त्या दिवसापासून ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती.

गावानं काही काळानं त्याला माफ केलं. चर्चमध्ये लोक पुन्हा शेजारी बसू लागले. जोलीन मात्र तो दिसला की बाक बदलायची.

शेवटचं काडतूस त्यानं बोटांनी फिरवून पाहिलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं उंबऱ्यापर्यंत नेऊन दिलं. तिनं त्याच्या हाताला हात लागू न देता ते घेतलं.

"टेसा बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

"उंच झाली असेल."

"झाली आहे."

"या उन्हाळ्यात लोकर कातरायच्या दिवसांत एखादी दुपार तिला इकडं…"

"नाही." जोलीनचा आवाज चढला नाही. "आठवीतली पोर आहे ती. परवा विचारत होती, आजोबांकडं आपण का जात नाही? काय सांगणार? तुझ्या बापाला मारणारा माणूस कॉफी पाजतो, चल जाऊ या?"

"मग काय सांगितलंस?"

"झालं ते सांगितलं. तुमच्या हातून झालं म्हणून."

व्हर्जिलनं मान हलवली. "बरं केलंस."

"बाकी काही म्हणायचं नाही तुम्हाला?"

"पहाटे वाऱ्याच्या उलट्या बाजूला बस," तो म्हणाला. "आणि गोळी कुठं जाऊन थांबणार ते आधी बघ. मागं टेकाड असल्याशिवाय बार काढू नकोस."

तिनं खोकं काखेत मारलं. मग डोळे पुसत पिकअप गाडीकडं चालू लागली.

व्हर्जिल उंबऱ्यावरच उभा राहिला. मर्ल उठून त्याच्या मागं आला.

"किती ऐकून घेणार आहेस तू?" तो म्हणाला. "तुझी नात तुला ओळखणारसुद्धा नाही."

"ती जेवते, झोपते, मेंढ्या सांभाळते, पोर वाढवते. आणखी काय हवं?"

"मी त्या दिवशी तोंड मिटून घेतलं ते तू पाया पडलास म्हणून. पण डॉक्टरनं क्लिंटच्या छातीतून काढलेली बारीक गोळी माझ्या तळहातावर होती, व्हर्जिल. तुझ्या नळीत ती नुसती खुळखुळली असती."

"हळू बोल, मर्ल," व्हर्जिल म्हणाला. "ती अजून फाटकाशीच आहे."