बारा फुटांवरून

"आवाज पार बंद करा," हौसाबाई म्हणाल्या.

विक्रेता गोंधळला. या टीव्हीचा आवाज घर कसं दणाणून सोडतो, हेच तो मघापासून रंगवून सांगत होता.

हौसाबाईंचं मात्र घरूनच ठरलं होतं. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काम करून त्यांच्या नवऱ्याचे, अण्णाप्पांचे, कान गेले होते. घरात टीव्हीपुढे सगळे हसले की तेही कसनुसं हसायचे. ते हसू हौसाबाईंना बघवत नव्हतं.

त्यांनी अण्णाप्पांना बारा फुटांवर स्टुलावर बसवलं. घरातला दिवाण टीव्हीपासून तेवढाच लांब होता. "आता विनोदी सिनेमा लावा. खाली मराठीत अक्षरं येतात तसला."

पहिल्या दोन टीव्हींवर अण्णाप्पांनी नुसतेच डोळे बारीक केले. तिसरा पंचावन्न इंची होता. त्यावर अक्षरं टपोरी उमटली आणि अण्णाप्पा एकदम खदखदून हसले.

विक्रेता लगबगीनं पडद्यापुढे येऊन माहिती सांगू लागला, तसे ते ओरडले, "ओ, बाजूला व्हा की! पुढं काय म्हणतोय ते वाचू द्या."

"हाच पाठवा," हौसाबाई म्हणाल्या आणि शेजारच्या स्टुलावर निवांत बसल्या.