तेविसावा चौकोन

फळ्यावर बत्तीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांचा जुडगा. जाझमधली एक जुनी धून पियानोवाल्या सरांनी अशी सोलून मांडली होती. ऐन वेळी मनाचं वाजवायचं, तर आपण कोणत्या कॉर्डवर उभे आहोत ते ठाऊक हवं, हे सांगताना त्यांनी तीनदा खडू आपटला. उद्याच्या कार्यक्रमात अकरा विद्यार्थी याच चौकोनांच्या भरवशावर वाजवणार होते.

"सर, तेविसावा चुकलाय," ट्रम्पेटवाली म्हणाली.

"वीस वर्षं वाजवतोय मी हे."

"हो, पण पुस्तकात जी-सेव्हन आहे. तुम्ही ए-फ्लॅट मायनर लिहिलंय."

सरांनी छापील पुस्तक पाहिलं, मग आपली हाताने उतरवलेली वही. उतरवताना नजर एक ओळ खाली घसरली होती. दुसऱ्याची चूक भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या माणसाला स्वतःची वीस वर्षं ऐकू आली नव्हती!

त्यांनी पियानोवर तेवढाच भाग वाजवून पाहिला. कॉर्ड परक्या घरातल्या पाहुणीसारखी अवघडून बसली. मागचा बाक हसला.

"रोज तर छान लागते," सर पुटपुटले. मग त्यांची मान हळूच कोपऱ्याकडे वळली. तिथे त्यांची थोरली बहीण डबल बासला, खर्जातल्या त्या माणसाएवढ्या तंतुवाद्याला, टेकून उभी होती.

"ताई, इथे तू काय वाजवतेस?"

"डी-फ्लॅट."

"पुस्तकाप्रमाणे जी हवा ना?"

"मी काय पुस्तकाबरोबर वाजवत होते? तुझ्याबरोबर वाजवत होते."

तिने तार छेडली. सरांनी वरून तीच कॉर्ड दाबली. पाहुणी घरची झाली.

"इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी बोलणार होते. पण पुस्तकापेक्षा हेच गोड लागलं. शिवाय तू आठवडाभर जेवला नसतास."

"मग आम्ही काय धरायचं?" ट्रम्पेटवालीने विचारलं.

सरांनी फळ्यावरची कॉर्ड पुसली नाही. तिच्याखाली रेघ ओढली आणि रेघेखाली ताईचा सूर लिहिला. "हे. खालचं आधी ऐकायचं."

मग दोघांनी धून पहिल्यापासून घेतली. तेविसाव्या चौकोनाशी सरांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. ताईचा सूर एकटाच घुमला.

तो ऐकण्याच्या नादात चोविसाव्यात यायला सरांना जरा उशीर झाला. ट्रम्पेटवालीने आपल्या वहीत तेविसाव्याखाली ताईचा सूर उतरवून घेतला.