पक्क्या नोकरीची सही

बदलीचा कागद हातात पडला तेव्हा दामूच्या बायकोची, द्रौपदीची, उजवी बाजू लुळी पडून आठ महिने झाले होते. तो साहेबांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तिला घास भरवायला माझ्याबिगर कोन न्हाय. सुरतेला नका धाडू, मला भिवंडीतच राहू द्या."

साहेबांनी एक्याऐंशी सालचं नेमणूकपत्र त्याच्यापुढं सरकवलं. "कंपनी पाठवेल तिथं जाईन, असं लिहून दिलंयस. ही सही तुझीच ना?"

दामूनं त्या मोठाल्या, वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"माझीच हाय."

पक्क्या नोकरीच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा नको, म्हणून द्रौपदीनं महिनाभर आपल्या उजव्या हातात त्याचा हात धरून ती गिरवून घेतली होती.