खांबाजवळची जागा

“जागा बदल, नाहीतर मी खेळत नाही,” नात म्हणाली आणि तिनं स्ट्रायकर कॅरमच्या मधोमध ठेवून दिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा बारावा दिवस. आजीनं सकाळी धुतलेली पडवी दुपारपर्यंत गार असायची. जेवणं उरकली की तिथे चार विटांवर कॅरम मांडायचा, ही या घराची जुनी रीत. आजी खांबाला पाठ टेकून बसणार. तिच्या मागे भिंतीत मोरीचं तोंड. ती जागा तिची. तिथे दुसरं कुणी बसल्याचं पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. समोर कोणीही बसो, दहातले सात डाव आजीच घेणार आणि वर दोन शब्द सुनावणार.

“माझी जागा तुला टोचते का गं?” आजीनं विचारलं.

“टोचते. सगळं नशीब त्या जागेत आहे. म्हणून तर तू कुणाला बसू देत नाहीस.”

“नाचता येईना, अंगण वाकडं. तुझ्या आईनं हेच रडगाणं गायलं, तुझ्या मामानंही हेच. तू निदान चाल तरी बदल.”

नातीची आई कोपऱ्यात पत्त्यांचा एकटीचा डाव मांडून बसली होती. मामा शब्दकोड्यात डोकं खुपसून होता. तो मान वर न करता म्हणाला, “पोरगी खोटं नाही बोलत, आई.”

नातीला जोर चढला. तिनं मोबाइल उचलला. “यात मी अनोळखी माणसांशी खेळते. पण तिथे कुणी लबाडी करत नाही.”

लबाडी. आजीचा हात सोंगट्यांवर थांबला. तीन इयत्ता शिकलेली बाई, पण तिच्या शब्दात कुणी कधी खोट काढली नव्हती. तिनं नातीकडे पाहिलं, मग तिच्यामागे बसलेल्या धाकट्या दोघी बहिणींकडे. त्या आत्ताच चपला शोधत होत्या. मोठी उठली की या उठणार. जो तो आपापला कोपरा धरणार आणि कॅरम पलंगाखाली जाणार. या घरात असं एकदा झालं होतं. आजीला ते चांगलं आठवत होतं.

“एक डाव,” ती म्हणाली. “पण नंतर मला बोल लावायचा नाही.”

गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि समोर जाऊन बसली. नात खांबाला टेकली. सिंहासनच मिळालं होतं तिला. तिनं पावडर भुरभुरली, नेम धरला आणि फोडलं. सोंगट्या चौफेर उधळल्या. एक काळी नेमकी भोकाच्या रोखानं निघाली आणि तोंडाशी येऊन थांबली.

“जोर कमी पडला,” नात म्हणाली.

आजीनं चष्मा सावरला. ती जोर लावतच नव्हती. स्ट्रायकरला नुसतं बोट लावायची आणि पांढरी सोंगटी सुरसुरत भोकात जायची. एक, दोन, पाच, सहा. सातवी हुकली. नातीनं पुन्हा मारलं. पुन्हा काळी तोंडाशी अडली. मग आजीनं राणी घेतली, तिच्या पाठोपाठ कव्हर घेतलं आणि उरलेल्या दोन अशा घालवल्या, जशी कुणी ताटातली माशी उडवावी. नातीच्या नऊच्या नऊ काळ्या बोर्डावर बसून होत्या.

धाकट्या दोघींनी चपला सोडल्या.

बाजेवर लवंडलेला जावई उठून बसला. धंद्यानं तो गवंडी. “ती सोंगटी अडायला नको होती,” तो म्हणाला आणि दाराशी ठेवलेली अवजारांची पिशवी उघडू लागला.

“सासुरवाडीलाही अवजारं?” आजी म्हणाली. “घर पाडायला आलात का, जावईबापू?”

त्यानं सपाटी पाहायची पाणसळ काढून कॅरमवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा हलला, खांबापासून दूर सरकला आणि आजीच्या बाजूला जाऊन थांबला.

“म्हणजे काय, बाबा?” नातीनं विचारलं.

“म्हणजे आजी वर बसलीय आणि तू खाली. पाणी निघून जावं म्हणून फरशी मोरीकडे उतरती घातलीय. खांबाकडून खेळेल त्याला चढावर मारावं लागतं.” तो जरा थांबला. “सासूबाई, तुम्ही इतकी वर्षं चढावर मारताय.”

नातीच्या आईच्या हातातला पत्ता हातातच राहिला.

“आई, कॅरम आणला त्या उन्हाळ्यात तू त्या वरच्या बाजूला बसायचीस,” ती सावकाश म्हणाली. “आम्हाला एक डाव मिळायचा नाही. मी पत्ते घेऊन माडीवर जायला लागले, दादा कोडी घेऊन परसात. आठ दिवस कॅरम पलंगाखाली होता. मग तू म्हणालीस, माझी पाठ दुखते, मी खांबाला टेकून बसते. आणि आम्ही जिंकायला लागलो.”

“दुखतच होती,” आजी म्हणाली.

मामानं पेन्सिल खाली ठेवली. नातीनं मोबाइल कधी पालथा घातला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

“आजी, तुला हा उतार आधीपासून माहीत होता?”

“ऊठ आधी माझ्या जागेवरून.”

नात उठली. आजी परत येऊन खांबाला टेकली आणि सोंगट्या मधोमध रचू लागली. राणी बसवून झाल्यावर तिनं मान वर केली.

“रोज सकाळी ही पडवी धुतं कोण गं?”