तिसरा फ्यूज

महिन्यात जुन्या गाडीचा तिसरा फ्यूज उडाला तेव्हा म्हाताऱ्याने गॅरेजला नवं कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या. बायको गेल्यापासून मुलाचं एकच पालुपद: ही गाडी विकून टाका. "मी कंटाळावं म्हणून वायरी तूच सोलतोस ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "शोधा की. मी इथंच उभा आहे." "चोरही उभाच असतो." म्हाताऱ्याने फ्यूजच्या जागी बल्ब जोडला. वायरीत शॉर्टसर्किट असेपर्यंत तो पेटलेला राहणार होता. एकेक वायर सोडवत गेला. गाडीतल्या घड्याळाची काढली आणि बल्ब विझला. डॅशबोर्डमागे घासून उघड्या पडलेल्या वायरीवर, पत्र्याला टेकून, केसांचा आकडा आडवा पडला होता. गाडीच्या आरशात बघून बायको अंबाडा घालायची, तेव्हा फटीत पडला असणार. "कोणी केलं, बाबा?" "तुझ्या आईनं. हजारदा बजावलं होतं, एक दिवस गाडी पेटवशील." आकडा त्याने खिशात ठेवला आणि एक किल्ली मुलाला दिली.